दोन विहिणींचं संयुक्त राज्य

नातीच्या वर्गात त्या वर्षी फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी चिठ्ठ्या काढल्या. टीचरने आपल्या लोकरीच्या टोपीत देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मुलांनी एकेक उचलली. ज्याचा देश जिंकेल त्याला बिस्किटांचा मोठा डबा. कुणाला ब्राझील निघाला, कुणाला जर्मनी. एका पोराला इंग्लंड निघालं तर तो म्हणे रडायलाच लागला, इतका त्याचा आपल्या टीमवर भरवसा! आमच्या बाईसाहेबांना निघाला सर्बिया आणि माँटेनेग्रो. धावत घरी आली आणि दारातूनच ओरडली, "आजी, माझा चिठ्ठीत टू कंट्रीज आली! सगळ्यांना वन, मला टू!" इथे इंग्लंडात सुपरमार्केटमध्ये एकावर एक फुकट मिळतं ना, तसंच काहीतरी तिला वाटलं असणार.

दोन कसले, एकच देश होता तो, जोडलेला. आणि तिचा झेंडा रंगवून होतोय न होतोय तोवर तो देशही मोडला. माझा मुलगा लंडनहून येताना ट्रेनमध्ये कुणीतरी टाकून गेलेला पेपर घेऊन आला आणि बूट काढता काढता लेकीला म्हणाला, "अगं, तुझा देश गेला. माँटेनेग्रोने मतदान घेतलं, ते वेगळे होतायत."

"मग मॅच?"

"मॅच खेळणार आहेत."

"कोण?"

"तेच. दोघं मिळून."

"पण दोघं मिळून नाहीये ना आता?"

यावर तो शर्ट बदलायला वर गेला. पुरुषांचं हे बरं असतं.

शाळेत टीचरने सांगितलं, काही हरकत नाही, बाकीचे आपापल्या देशाचा झेंडा आणि खाणंपिणं सांगतील, तू असं सांग की नव्याने जोडलेला देश इतक्या लवकर का मोडतो. नऊ वर्षांच्या मुलीला हा प्रश्न! मग शनिवारी मुलगा कॉम्प्युटरसमोर बसला आणि एकेक वाचून तिला समजावून सांगायला लागला. मी डायनिंग टेबलाशी मटार सोलत होते. समोर आमच्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, कोथिंबीर निवडत होत्या. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं इकडच्या तिकडच्या वाचनावर. पण राजकारण म्हटलं की मला कान टवकारायची सवय आहे.

तर तो सांगत होता, हे दोघं आधी एका मोठ्या कुटुंबात होते. बाकीचे एकेक करून वेगळे झाले, हे दोन उरले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवा करार केला, नवं नाव घेतलं. पण यांचं चलन वेगळं, त्यांचं वेगळं. राष्ट्रगीत कुठलं म्हणायचं ते ठरेना, म्हणून जुन्या, मोडून गेलेल्या देशाचंच वाजवायचं. आणि करारात आधीच लिहून ठेवलेलं की तीन वर्षांनी ज्याला वाटेल त्याने खुशाल बाहेर पडावं.

"बोहल्यावरच सोडचिठ्ठीची बोलणी!" मी म्हटलं.

"आजी, पण ते भांडली का?" नातीने विचारलं.

"भांडले असतील बाई. देश म्हटला की भांडणं आलीच."

विहीणबाई कोथिंबिरीतून मान वर न करता म्हणाल्या, "भांडले असते तर राहिले असते ना."

मुलाने वळून आम्हा दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. मटार आणि कोथिंबीर या दोन्ही गोष्टी फार लक्ष देऊन करायच्या असतात, असं आम्ही दोघींनी त्या दिवशी दाखवून दिलं.

आता आमच्या कराराचं सांगते.

विहीणबाई मूळच्या नागपूरच्या. यजमान गेल्यावर तिथलं घर विकलं आणि त्या ग्लासगोला मुलाकडे आल्या. मुलगा डॉक्टर, सूनही डॉक्टर; दोघांच्या ड्युट्या अशा की घरात एक आला की दुसरा गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये या दिवसभर एकट्या. हिवाळ्यात दुपारी चारला अंधार. फोनवर माझ्या सुनेला म्हणायच्या, "बरी आहे मी. किटली बोलते ना माझ्याशी, उकळली की." हे ऐकून सून दोन दिवस जेवली नाही. मग इथे आमच्या रीडिंग गावात बसून माझ्या मुलाने आणि तिने ठरवलं की दोन्ही आया एका छताखाली आणायच्या. कुणी एकटं राहायला नको. खालची खोली माझी होतीच, वरची छोटी त्यांना द्यायची.

मुलगा मला म्हणाला, "आई, वर्षभर बघू. नाही जमलं तर बघू."

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं हो. मलाही दिवसभर मराठी बोलायला माणूस हवंच होतं.

त्या आल्या तेव्हा कपड्यांची एक बॅग होती आणि भांड्यांची एक. भांड्यांच्या बॅगेत त्यांचा कुकर, त्यांचा मसाल्याचा डबा आणि पंच्यात गुंडाळलेले त्यांचे देव. कुकर पाहून मला गंमत वाटली. घरात माझा कुकर होता, सुनेचा होता, आता हा तिसरा. पण मी काही बोलले नाही. चलन ज्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं, हे मलाही तेव्हा शहाणपणाचंच वाटलं.

देवांचं मात्र असं चालत नाही ना. आमच्या देव्हाऱ्यात माझा बाळकृष्ण, माझी अन्नपूर्णा, गणपती. त्यांच्या पंच्यातून निघाले बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती. एकसारखे दोन देव एका देव्हाऱ्यात पूजू नयेत असं आमच्याकडे मानतात, त्यांच्याकडेही मानतात. पुण्याला आमच्या गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "परदेशात चालतं, काकू." परदेशात सगळंच चालतं असं तिकडच्या लोकांना का वाटतं कोण जाणे.

शेवटी सगळे देव एकत्र बसवले. देव्हारा म्हणजे मुलाने दुकानातून सुटं आणून घरी जोडलेलं बाथरूमचं कपाट होतं, पुढची दारं काढलेलं. देवांना आम्ही ते सांगितलेलं नाही. जागा लहान, देव दुप्पट. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "विहीणबाई, तुमचे देव मधे बसवा. ते प्रवासातून आलेत."

"छे छे, असं कसं? घर तुमचं. आमचे कडेला बसतील."

"अहो, घर तुमच्या मुलीचं."

"म्हणूनच म्हणते ना, मुलीच्या घरी आई पाहुणीच."

असं अर्धा तास चाललं. शेवटी मधे कुणीच बसलं नाही. मधे आम्ही निरांजन ठेवलं आणि दोन्हीकडचे देव दोन भिंतींना टेकून उभे राहिले, एखाद्या लग्नात दोन्ही पक्ष उभे राहतात तसे.

मग पूजा कुणी करायची? मी सात वाजता आंघोळ करून करत असे. विहीणबाईंना वाटलं, यांना त्रास नको, म्हणून त्या साडेसहाला करून मोकळ्या झाल्या. मला वाटलं, पाहुण्या बाईला आपण कामाला लावलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सहाला उठले. त्या त्याहून आधी. एक दिवस मी जिना चढणार तर त्या ओल्या केसांनी उतरत होत्या, बाथरूममधला पंखा घरघरत होता आणि माझा मुलगा उशी डोक्यावर घेऊन ओरडत होता, "अरे, कोण आहे एवढ्या पहाटे?" मग दोघींनी एकाच दिवशी समजुतीने माघार घेतली. मी म्हटलं, आज त्यांना मान देऊ, नि पडून राहिले. त्यांनीही म्हटलं, आज विहीणबाईंना करू दे. दोघी आपापल्या खोलीत जाग्या, वाट बघत. देवांना आंघोळ मिळाली ती नात शाळेतून आल्यावर.

स्वयंपाकाचं तेच. आमच्याकडे आमटीत गूळ, गोडा मसाला. त्यांच्याकडे तेलाचा तवंग आणि असं तिखट की शिंक यावी. त्या माझ्यासाठी गूळ घालून करायच्या आणि स्वतः औषध घेतल्यासारखं जेवायच्या. मी त्यांच्यासाठी मिरच्या घालायचे आणि रात्रभर पाणी प्यायचे. म्हणजे पाहा, मी खाल्लं नागपूरचं, त्यांनी खाल्लं पुण्याचं, आणि दोघी एकमेकींना सांगत होतो, "फार छान झालंय हो!" मुलगा, सून आणि नात मात्र शुक्रवारी पिझ्झा मागवायचे. घरात खूश असलेलं मनुष्य म्हणजे पिझ्झावाला.

टीव्हीचं सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. दुपारी घरात आम्ही दोघीच. टेबलावर रिमोट. मी म्हणे, "लावा तुम्हाला हवं ते." त्या म्हणत, "तुम्हीच लावा ना जी, मला सगळंच आवडते." रिमोटला कुणी हात लावायचं नाही. चॅनेल सकाळपासून जे असेल ते. आम्ही आठवडेच्या आठवडे स्नूकर पाहिलं. मला त्यातला एकही माणूस आवडला नाही, पण कुठल्या रंगाचा चेंडू कधी मारायचा, ते आम्हाला दोघींना पाठ झालं. "आता निळा," विहीणबाई म्हणायच्या. "नाही हो, आधी तपकिरी," मी म्हणायचे. तेवढाच काय तो आमचा मतभेद.

शेजारची इंग्लिश बाई कुंपणावरून सुनेला म्हणाली, "तुमच्या दोन्ही आया किती सुंदर जमवून घेतात! माझी आणि माझ्या सासूची तर दर नाताळला मारामारी होते." सून आनंदाने आम्हाला सांगत आली. आम्ही दोघींनीही समाधानाने मान डोलावली. पण त्या संध्याकाळी मी पाहिलं, वरच्या खोलीत विहीणबाई पलंगाच्या अगदी कडेला बसल्या होत्या, ट्रेनची वाट पाहावी तशा. बॅग उघडीच होती, कपडे अजून बॅगेतच. इतके महिने झाले तरी कपाट रिकामं. मी विचारलं, "अहो, लावलं नाहीत कपाट?" तर म्हणाल्या, "लावीन ना. काय घाई आहे?"

तेव्हा मला कळलं, की या बाईंना घर पाहिजे आहे आणि आपण त्यांना आदर देतोय. आदरावर किती दिवस काढायचे माणसाने?

पण कळून उपयोग काय? मी बोलले तर 'सासूने सुनेच्या आईला घालवलं' होणार. त्या बोलल्या तर मुलीचं मन मोडणार, आणि बोलून जाणार कुठे? नागपूरला घर नाही, ग्लासगोला पुन्हा ती किटली. म्हणून करार चालू राहिला.

मॅचचा रविवार आला. समोर हॉलंड. नातीने गालाला अर्धवट रंगवलेला झेंडा लावलेला, कुठल्या देशाचा ते तिलाही नक्की माहीत नव्हतं. टीम रांगेत उभी राहिली, गाणं वाजलं, आणि ते ऐकून त्यांच्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या. मुलगा म्हणाला, "आई, हे गाणं त्या जुन्या देशाचं बरं का."

विहीणबाई एकदम पुढे सरकून बसल्या. "म्हणजे गाणं एका गेलेल्या देशाचं, शर्ट दुसऱ्या गेलेल्या देशाचा. मग पोरं खेळून राहिलीत कोणासाठी?"

"तसं काही नाही, आई," मुलगा त्यांना म्हणाला. "आधी ठरलं होतं म्हणून खेळतायत."

"ठरलं होतं म्हणून," त्या म्हणाल्या.

पोरं एका गोलाने हरली. नात रडली. सून तिचा गाल पुसायला उठली, तेव्हा विहीणबाई अगदी साध्या आवाजात तिला म्हणाल्या, "बाळा, मला इथे नाही राहायचं."

कुणीतरी टीव्हीच बंद केला. सून त्यांच्या पायाशी येऊन बसली. "कुणी काही बोललं का तुला, आई?"

"कुणी काहीच बोललं नाही. तेच तर."

"मग ग्लासगोला जायचंय?"

"नाही."

"नागपूरला?"

"तिथे काय आहे आता?"

"मग कुठे, आई?" सून रडायला लागली. "इथे आम्ही सगळे आहोत आणि तुला एकटं राहायचंय? लोक काय म्हणतील?"

"कोणते लोक, बाळा? ते हॉलंडवाले?"

मुलगा सासूला म्हणाला, "आई, थोडं अॅडजस्ट..." मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, "अरे, अॅडजस्ट करून करूनच बाई थकली. मीही थकले. मला आमटी माझ्या हातची हवी आहे. त्यांना त्यांच्या हातची. एवढ्यासाठी दोन गॅस लागतात आणि आपल्याकडे एक आहे."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, असं म्हणायला हरकत नाही.

सुनेचं ऑफिस मेडनहेडला आहे. तिने दोन आठवडे धुसफुस केली, आणि मग तीच स्टेशनजवळचे फ्लॅट बघायला लागली. तळमजल्यावरचा एक खोलीचा मिळाला. छोटं स्वयंपाकघर, मागे हाताएवढी बाग. रीडिंगहून ट्रेन, मधे ट्वायफर्डचं एक स्टेशन, की आलं. सून लंच टाइमला जाऊन भेटू शकणार. तरी तिने शेवटपर्यंत 'तात्पुरतं' हाच शब्द वापरला. राजकारणी लोक वापरतात तसा.

निघायच्या आदल्या दिवशी देव वेगळे करायला बसलो. अन्नपूर्णा ओळखली, त्यांची जरा बुटकी. गणपती ओळखले. पण बाळकृष्ण? दोन्ही पितळेचे, दोन्ही रांगणारे, दोन्हींच्या हातात लोणी. इतके महिने एकाच ताम्हनात, एकाच चिंचेने घासून दोघं अगदी जुळ्यासारखे झालेले.

मी सवयीने म्हटलं, "घ्या तुम्हाला हवा तो."

त्यांनी एक उचलला.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

"काहून? हा माझा. याचा गुडघा झिजलेला आहे."

"माझ्याच बाळकृष्णाचा गुडघा झिजलाय! चाळीस वर्षं मी घासतेय त्याला."

"चाळीस वर्षं घासून एवढाच? मी असते तर पाय राहिला नसता!"

"म्हणजे मी घासत नाही?"

"मी कुठे म्हटलं? पण ताम्हनात चिंच तशीच राहते तुमच्या, रोज पाहते मी. बोलले नाही."

"आणि तुमचं गंध? देवाच्या डोळ्यात जातं. मीही बोलले नाही!"

आवाज इतके चढले की सून वरून धावत आली आणि दारातच थबकली. तिला वाटलं असणार, आता संपलं सगळं. आणि मला काय वाटत होतं सांगू? घसा मोकळा झाल्यासारखं वाटत होतं. विहीणबाईंचे गाल लाल झाले होते, पदर कमरेला खोचलेला, आणि त्या पहिल्यांदाच या घरात मांडी घालून ऐसपैस बसल्या होत्या. चिंचेवरून निघालो ते गुळावर आलो, गुळावरून मिरच्यांवर, तिथून स्नूकरवर. "मला तर ते स्नूकर डोळ्यासमोर नको असायचं!" असं त्या म्हणाल्यावर मला हसू फुटलं. त्या मात्र हसल्या नाहीत, अजून रागातच होत्या. हातातला बाळकृष्ण त्यांनी सोडला नाही. तोच घेऊन गेल्या. तो माझा होता असं माझं अजूनही मत आहे.

शाळेत नातीने काय सांगितलं ते टीचरने सुनेला कौतुकाने सांगितलं. मोठा देश मोडला तेव्हा उरलेल्या दोघांना कुणीतरी जोडलं, पण त्यांना एकमेकांना काही सांगताच येत नव्हतं, असं ती म्हणाली म्हणे. टीचरला ते फार खोल वाटलं. त्यांना काय माहीत, आमच्याकडे स्नूकर किती पाहिलं जायचं.

पुढच्या महिन्यात विहीणबाईंनी आम्हा सगळ्यांना मेडनहेडला जेवायला बोलावलं. कपाटात कपडे लावलेले, खिडकीत कोथिंबिरीची कुंडी. वास असा तिखट की दारातच नात शिंकली. मी एक घास घेतला आणि म्हटलं, "विहीणबाई, हे मला झेपणार नाही."

"ठाऊक आहे मला. दही आहे फ्रीजमध्ये, घ्या उठून." त्या जागच्या हलल्या नाहीत. मीही उठून घेतलं.

जेवताना मुलाला काय वाटलं कोण जाणे, चांगला मूड पाहून म्हणाला, "किती मोकळेपणाने वागताय तुम्ही दोघी आता! मला वाटतं, मोठं घर घेतलं तर परत एकत्र..."

"नाही!" आम्ही दोघी एकदम म्हणालो. सून भाजीकडे बघत हसली. ती बरी होत चालली होती.

आता जावई म्हणजे आमच्याकडे देवाखालोखाल. माझ्या मुलाला या बाईंनी कधी 'पाणी आणा' म्हटलं नव्हतं; तो खोलीत आला की पदर सावरून उठायच्या. त्या दिवशी त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "जावईबापू, गाडी कुठे लावली तुम्ही? ती वरच्या म्हातारबाबाची जागा आहे. मला रोज इथे राहायचं आहे, त्याची बोलणी मी ऐकणार नाही. उठा, हात नंतर धुवा. आधी गाडी काढा."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुलाला कुणी असं जेवणावरून उठवलं तर मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण मी दही कालवत राहिले. तो उष्ट्या हाताने किल्ली शोधत बाहेर पळाला, आणि विहीणबाई मागून ओरडल्या, "कोपऱ्यावर लावा, दुकानासमोर! आणि येताना दार नीट ओढून घ्या, अडकतं ते."